हरकती: शून्य

३० जून, सकाळी ८.१०
तात्पुरती नेमणूक ३१ ऑगस्टला संपते. कायम करायचं की नाही, ते हिल्का ठरवणार. ती विभागप्रमुख. माझा आराखडा पाहून तिला ठरवावं लागणारच नाही. विद्यापीठाच्या अख्ख्या कॅम्पसचं नेटवर्क नव्याने मांडलं, एकाही माणसाशी न बोलता. तळघरातला जुना स्विच, नेटवर्कच्या वायरी जोडायचा डबा, तेवढा काढायचा आहे. हिल्का म्हणाली, "त्याला कोणाकोणाचं काय जोडलंय ते विचारून घे हं, पोरी."
विचारणे म्हणजे मेल.

१ जुलै
४१ विभागांना मेल. हरकत ३१ जुलैपर्यंत कळवावी. मौन ही संमती समजली जाईल. दोन ओळी. नेमक्या.

८ जुलै
३८ उत्तरं. सगळी एकसारखी: "उन्हाळी सुट्टीवर आहे. ऑगस्टमध्ये भेटू." एवढी एकवाक्यता या कॅम्पसने आजवर दाखवलेली नाही.

१६ जुलै
हिल्काचा फोन, तळ्याकाठच्या सुट्टीतल्या घरातून. उत्तरं आली का? म्हटलं, ३८. "अगंबाई, जुलैत?" मागे कोणीतरी पाण्यात उडी मारली. विचारलं तेवढंच सांगितलं.

१ ऑगस्ट, सकाळी ९.००
हरकती: शून्य. स्विच बंद. चोवीसपैकी तेवीस पोर्ट आधीच मेलेले. एकावर हिरवा दिवा लुकलुकत होता, चिठ्ठी नाही. जुनी यंत्रं सवयीने लुकलुकतात.

६ ऑगस्ट
लोक परतले. वेग दुप्पट. कोणी अवाक्षर काढलं नाही. आमच्या देशात याहून मोठं कौतुक नसतं.

७ ऑगस्ट
ओर्वोक्की तळघरात आल्या. तळ्यांचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापक. त्यांचा फ्रीझर तीन तारखेला बंद पडला. धोक्याचा इशारा त्यांच्या फोनवर त्या हिरव्या दिव्याच्या वायरीने जायचा. आत अकरा वर्षं जमवलेला तळ्याचा गाळ.
"काढलीस तू ती वायर?"
म्हटलं, एक जुलैला मेल केली होती.
"एक जुलैला मी होडीत होते! तू सोडून सगळा देश होडीत होता!"
वितळला तरी गाळ गाळच राहतो, हे मी लक्षात आणून दिलं. शास्त्रीयदृष्ट्या त्यांना ते पटलं नसावं.

८ ऑगस्ट
हिल्काने ३८ उत्तरं वाचली. मोठ्याने. सगळी. मग म्हणाली, "बाई गं, ही संमती नाही, हे ऊन आहे."
आराखड्यात दोष सापडला नाही. तसं मी नमूद केलं.

३१ ऑगस्ट
कायम नाही. सहा महिने मुदतवाढ. काम: कॅम्पसवरच्या प्रत्येक खोलीत स्वतः जाऊन वायर कशाची ते विचारणे. तोंडाने. खोल्या १,२१४. जबाबदारी वाढली, असा याचा अर्थ.

१ सप्टेंबर, सकाळी ९.०५
पहिली खोली. प्रश्न लिहून नेला होता. दारासमोर अकरा मिनिटं पाहणी केली. आतून ओर्वोक्कींचा आवाज आला, "काचेतून दिसतेयस गं. ये आत."