बाबांच्या कारखान्यातला हिरवा रंग

मँचेस्टर,
९ फेब्रुवारी १८५९

प्रिय टॅबी,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तू आणि वॉल्टर खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. आम्हीही ठीक आहोत. धुकं इतकं आहे की भर दुपारी दिवे लावावे लागतात, आणि पडद्यांवर काजळी बसते ती वेगळीच. तुझी सकाळची मळमळ अजून थांबली नसेल तर उशाशी सुकी बिस्किटं ठेव आणि उठण्याआधी एक खात जा. मला उपयोग झाला होता.

एडविनचं विचारलं आहेस. त्याचं काम वाढलंय. सध्या तो शहरातल्या बेकऱ्यांचे पाव तपासतो आणि जवळजवळ प्रत्येकात त्याला तुरटी सापडते. परवा एक बेकरीवाला दारात येऊन उभा राहिला. चांगला आडदांड माणूस, पण बोलायला लागला तर आवाज रडवेला. "साहेब, लोकांना पांढराशुभ्र पाव हवा असतो. मी नाही दिला तर पलीकडच्या गल्लीतला देतो. मी करू काय?" एडविन म्हणाला, "पांढरा पाव लोकांनी मागितला, खरं आहे. तुरटी कोणी मागितली नव्हती." मग त्याला आत बसवून घेतलं आणि चांगलं पीठ कुठे मिळतं ते समजावून सांगितलं. तो गेल्यावर मी म्हटलं, तुला दुकानच टाकायला हवं होतं. तो हसला नाही. हल्ली फारसं हसत नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी गिरणीतल्या माणसांना तो रसायनशास्त्र शिकवतो. इतकी वर्षं इथे राहूनही बोलणं हॅलिफॅक्सचंच आहे, त्यामुळे ती माणसं त्याला आपल्यातला समजतात. तो आहेही. त्याचे वडील रंगारी होते आणि कापूस कुठल्या पाण्यात धुतलाय ते बोट बुडवून, चाटून सांगायचे. एडविनलाही प्रत्येक गोष्ट जिभेवर ठेवून बघायची सवय होती. जर्मनीत शिकायला गेला तेव्हा तिथल्या गुरूंनी ती मोडली, असं तो सांगतो.

तो डार्वेनला बाबांच्या कारखान्यात आला तेव्हा तू शाळेत होतीस. आम्लाने पिवळी पडलेली त्याची बोटं बघून तू त्याला 'पिवळी बोटं' म्हणायचीस, आणि बाबा तुला दटावून मग स्वतःच हसायचे. त्या दिवसांत बाबांना त्याचं फार कौतुक होतं. भिंतीच्या कागदावरचे आधीचे हिरवे रंग उन्हाळाभरात उडायचे, मळकट दिसायचे. एडविनने बसवलेला हिरवा मात्र तसाच राहायचा, आणि स्वस्तही पडायचा. पाहुणे आले की बाबा नमुन्याची गुंडाळी उलगडून म्हणायचे, "या पोराने मला तांब्यातून सोनं काढून दिलंय." आधी त्याचा पगार वाढवला, मग मला दिली.

आता तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीकडे येते.

तू लिहिलंस की बाबांनी बाळाच्या खोलीसाठी भिंतीचा कागद पाठवलाय, वेलीच्या नक्षीचा हिरवा, आणि पुढच्या आठवड्यात तो खळीने चिकटवायला माणूस येणार आहे. ते वाचलं, पत्र घडी करून ठेवलं आणि चांदीचे चमचे घासायला घेतले. ते स्वच्छच होते.

तीच नक्षी आमच्याकडे वरच्या खोलीत होती. तू पाहिली आहेस. आता नाही. ऑक्टोबरात एकदा बाजारातून घरी आले तर एडविन तोंडाला ओलं फडकं बांधून वर भिंती खरवडत होता. मी म्हटलं, "खोली रंगवायची होती तर मला विचारायचं तरी."

"रंगवायची नाहीये," तो म्हणाला. "तू दारात उभी राहू नकोस. खाली जा, मी येतो."

खाली आल्यावर हात धुऊन तो बराच वेळ टॉवेलने पुसत राहिला. मग सांगितलं. त्या हिरव्यात सोमल आहे, उंदरांना घालतात ते विष. तांबं आणि सोमल, यांचाच तो रंग. हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही होतं. पण कागदावर एकदा बसला की तो तिथेच राहतो, अशी सगळ्यांची समजूत. तो राहत नाही. कागद कोरडा पडला की त्याची भुकटी होऊन उडते, आणि भिंत दमट असली तर आणखी काही हवेत मिसळत असावं असं त्याला वाटतं, पण ते अजून त्याला सिद्ध करता आलेलं नाही. त्याने खोलीतल्या कपाटावरची धूळ तपासली होती. धूळ आम्लात घालून त्यातून निघणारा वायू काचेच्या नळीतून सोडायचा आणि नळी मधोमध तापवायची. सोमल असेल तर पुढच्या काचेवर काळा चकचकीत डाग धरतो. मी म्हटलं, दाखव. त्याने ती नळी जपून ठेवली होती. डाग लहान होता.

"ही कधीची?" मी विचारलं.

"जूनमधली."

"आणि आता ऑक्टोबर आहे."

"रंग माझा आहे, हेस्टर," तो म्हणाला.

मी चहा टाकायला उठले.

टॅबी, डॉक्टर घटसर्प म्हणाले होते. आपण सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. पण तुला आठवत असेल, त्याआधीच्या शरदात आम्ही आमच्या मुलीला साउथपोर्टला समुद्रावर नेलं होतं, आणि तिथे तिचे डोळे लाल व्हायचे थांबले. जेवायला लागली. वाळूत पळायची. घरी आणलं, तिला पुन्हा बरं वाटेनासं झालं, मग थंडी बाधू नये म्हणून त्याच खोलीत खिडक्या लावून झोपवत गेलो. गेल्या मार्चमध्ये ती गेली. घडलं ते असं. यात कोणाचं काय चुकलं ते मी लिहीत नाहीये, फक्त काय कशानंतर झालं ते लिहितेय, कारण तुला ते लागेल.

गेल्या रविवारी बाबा जेवायला आले होते. एडविन इथल्या विज्ञानसभेत या रंगावर निबंध वाचणार असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. आल्या आल्या म्हणाले, "काय जावईबापू, आज कोणाच्या पावात विष सापडलं?" सूप संपवलं. मग कोटाच्या खिशातून कागदाचा नमुना काढला, त्याची एक पट्टी फाडली, गोळी करून तोंडात टाकली आणि वर बिअरचा घोट घेतला.

"हे बघ," ते म्हणाले. "उद्या सकाळी मेलेला सापडलो तर खुशाल भरव तुझी सभा."

"तुम्हाला काही होणार नाही," एडविन म्हणाला. "तेवढ्याशा तुकड्याने काही होत नाही, तुमच्यासारख्या धिप्पाड माणसाला तर नाहीच. ती मात्र..."

बाबांनी बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

"माझी माणसं दिवसभर या रंगात हात घालतात," ते म्हणाले.

"त्यांचे हात कधी पाहिलेत?"

"निम्मं डार्वेन माझ्याकडे जेवतं, ते पाहिलंय. आणि रंग कोणी बनवला? मी? मला काय कळतंय त्यातलं? सभेत काय सांगणार आहेस, माझ्या सासऱ्याने माझाच रंग विकला?"

"हो. तसंच सांगणार आहे. पहिल्याच वाक्यात."

बाबांनी पुडिंग खाल्लं नाही. निघताना मला ओसरीत बाजूला घेऊन म्हणाले, "हेस्टर, तू सांगितलंस तर तो ऐकेल. पोर तर परत येणार नाही." मी त्यांच्या गळ्याला मफलर नीट गुंडाळून दिला. एवढंच. मी एडविनला थांबवणार नाही, हे त्यांना सांगितलं नाही. तुला सांगते.

सोमवारी बाबांचा निरोप आला, तब्येत उत्तम आहे म्हणून. तेव्हापासून ते भेटेल त्याला ही कागद खाल्ल्याची गोष्ट सांगत सुटलेत.

एडविन म्हणाला, हे तू लिही, मी लिहिलं तर सासरा-जावयाचं भांडण वाटेल. म्हणून लिहितेय. त्या गुंडाळ्या उघडू नकोस. लावून झाल्या असतील तर भिंती आधी पाण्याने चिंब भिजवायला सांग म्हणजे धूळ उडणार नाही, आणि ते काम चालू असताना तू घरात थांबू नकोस. निघालेला कागद चुलीत घालू द्यायचा नाही, पुरायचा. वॉल्टर हसेल. हसू दे. भिंतीला चुना लावा, बाळाला काही कळणार नाही.

फायरप्लेससमोर फार वेळ बसत जाऊ नकोस, पाय सुजतील.

तुझी,
हेस्टर


मँचेस्टर,
५ मार्च १८५९

प्रिय टॅबी,

तुझं उत्तर आलं. तू रागावलीस यात नवल नाही. बाबांबद्दल असं कोणी लिहिलं असतं तर मीही रागावले असते. पण पाळणा तू आपल्या खोलीत हलवलास आणि गुंडाळ्या कोठारात ठेवल्यास, तेवढं मला पुरे आहे. कोठाराला कुलूप असू दे.

सभेचं विचारलंस. ती गुरुवारी झाली. आम्हा बायकांना वरच्या सज्ज्यात बसवलं होतं, तिथून सगळं नीट दिसत होतं. एडविनने नवा कोट घातला होता आणि बाह्यांतून ती पिवळी बोटं बाहेर. त्याने ठरल्याप्रमाणे सुरुवात केली, हा रंग मी तयार केला आहे म्हणून. मग प्रयोग दाखवले. बोलत होता एखाद्या वर्गात बोलावं तसं, चढउतार न करता. शेवटी म्हणाला की या शहरात अशा खोलीत राहणारं एक मूल दगावलं आहे. मुलगी होती, असंही म्हणाला. याहून जास्त सांगणार नाही, असं आमचं ठरलं होतं.

पुढच्या रांगेत एक रंगांचे व्यापारी बसले होते. उठून म्हणाले, "एक मूल, एक मूल! या मुलाला काही नाव आहे का, डॉक्टर रेस्ट्रिक, की तेही तुम्ही काचेच्या नळीतच तयार केलंत?" बरेच जण हसले. त्या माणसाला काही ठाऊक नव्हतं, हे मला मान्य आहे.

एडविनने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. तो बोलू शकणार नाही हे मला दिसत होतं. मी उठायला गेले, पण माझा झगा शेजारच्या बाईच्या खुर्चीखाली अडकला. तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं.

बाबा होते. शेवटच्या रांगेत, हॅट मांडीवर. ते आल्याचं आम्हाला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते कशासाठी आले होते, तेही मला अजून कळलेलं नाही. कदाचित तेच विचारायला आले असतील जे त्या व्यापाऱ्याने विचारलं. ते उभे राहिले आणि कारखान्यात हाक मारतात त्या आवाजात म्हणाले,

"फीबी. तिचं नाव फीबी होतं. माझी नात. कागद माझाच होता."

हॅट घातली आणि निघून गेले. अध्यक्षांनी आभार मानले आणि सभा संपली. आम्ही खाली येऊन रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं, पण ते धुक्यात कुठे दिसले नाहीत.

शुक्रवारी कारखान्यातून हिरव्या कागदाची गाडी ठरल्याप्रमाणे लिव्हरपूलला गेली, असं ऐकते. त्यानंतरच्या मागण्या त्यांनी घेतल्या की नाही ते माहीत नाही. एडविनवर बाबा अजून चिडलेले आहेत आणि आमच्याकडे आलेले नाहीत. वर्तमानपत्रात निबंधाचा सारांश छापून आला, त्यात एडविनचा रंग आहे, बाबांचं नाव आहे, तिचंही आहे. मी ते कात्रण काढलं नाही. घरात पेपर पडलाय तसाच पडलाय. एडविनने काल पहिल्यांदाच रात्रभर झोप काढली आणि सकाळी उशिरा उठला म्हणून स्वतःवरच वैतागला.

तू शेवटी विचारलंस, मुलगी झाली तर तिला आमच्या मुलीचं नाव दिलं तर चालेल का, मला बरं वाटेल म्हणून. तुझं मन मला कळतं आणि मी रागावले नाही. पण नको देऊस, टॅबी. तुझ्या मुलीला तिचं स्वतःचं नाव दे. फीबी हे नाव आमच्या घरात वर्षभर कोणी उच्चारलं नव्हतं, आता आम्ही दोघं ते पुन्हा उच्चारायला लागलो आहोत. आम्हाला ते अजून लागणार आहे.

तुझी बहीण,
हेस्टर, फीबीची आई