माळ्यावर गोधड्या

लातूर, मंगळवार संध्याकाळ

भूकंपात गावच्या घरी माळ्यावरचे हंडे सासूबाईंच्या अंगावर कोसळले होते. तेव्हापासून आमचा माळा रिकामा आणि सगळं सामान जमिनीवर. खोलीत जागाच नसल्यानं क्लासहून आलेली माझी पोरगी स्वयंपाकघरात पुस्तक मांडायची. मी उगाच चिडत होते का सासूबाईंवर?

आज धीर करून सासूबाईंना विचारलं, "आत्या, नुसत्या गोधड्या वर ठेवू? पडल्या तरी लागायच्या न्हाईत."

माळ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठेव. पर हंडे न्हाई."

गोधड्या वर चढवल्या, हंडे पलंगाखाली सरकवले. मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात अभ्यासाचं टेबल बसलं, पोरगी लगेच वाचायला लागली. सासूबाई तुरीच्या शेंगा घेऊन आल्या आणि तिच्याजवळ, बरोबर माळ्याखाली, सोलत बसल्या. किती हलकं वाटलं मला!