एकवीस दिवसांची पट्टी

बाबा, काल टोकावड्याच्या स्टँडवर तुमचा मित्र भेटला. तोच, मोडलेली हाडं बसवणारा, ज्याच्याशी तुम्ही मरेपर्यंत पुन्हा एक शब्द बोलला नाहीत. आता पार वाकलाय, हात थरथरतात, तरी माझं लंगडणं बघून त्याने मला मागूनच ओळखलं. जवळ आला, आधी गुडघ्याला हात लावला आणि मग तोंडाकडे बघितलं. म्हणाला, "तुजा बाबा माज्यावर रागावूनच गेला रे. इतकी वरसं झाली, मी इचार करतो, माजं बांधताना काय चुकलं? तुला काय आठवतं काय?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच ठाऊक नाही. तेवढ्यात मुरबाडची गाडी लागली आणि मी चोरासारखा चढलो. कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

तुम्हाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. गोल झाला की "आउट झाला काय?" असं विचारायचात. पण भातकापणी आली की घरामागचं खाचर तुम्ही माझ्यासाठी वेगळं कापायचात. बाकी रानात वीतभर खुंट राहायचे; या एका खाचरात तुम्ही विळा जमिनीला टेकवून, पार वाकून कापत जायचात, कारण मी अनवाणी खेळायचो. आई ओरडायची, "कंबर मोडंल तुमची! पोरगा काय तिथं झोपणार हाय?" आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "पळतो गो तो. टोचलं तर पळंल कसा?" त्या खाचराला समोरच बांध. चेंडू घेऊन धावलं की चार पावलांत बांध आडवा यायचा, म्हणून त्याच्या आतच मारायची मला सवय लागली. मुंबईच्या क्लबात गेलो तर तीच सवय कामाला आली. बचाववाल्याला वाटायचं, हा अजून दोन पावलं पुढे येईल, तोवर माझा चेंडू जाळ्यात. एकोणिसाव्या वर्षी करार झाला. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी तो कागद देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू लावलंत. मी तेव्हा हसलो होतो.

दुसऱ्या हंगामात सरावात गुडघा मुरगळला. क्लबच्या डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली आणि मी घरी आलो. तुम्हाला नुसत्या विश्रांतीवर भरवसा नव्हता. किन्हवलीहून एसटीने सरळगाव, तिथे गाडी बदलून टोकावडं, सगळा रस्ता माझा पाय मांडीवर घेऊन बसलात. तुमच्या मित्राने पाला वाटून लावला, चारी बाजूंनी बांबूच्या कामट्या लावल्या, वरून आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी आवळली. गाठ अशी मारली की टोक कुठे गेलं ते दिसेना. "एकवीस दिस. कोणी सोडायची नाय, पाय टेकायचा नाय. आन सोडायची ती तुज्या बाबानंच," म्हणाला. नारळाशिवाय काही घेतलं नाही.

दहाव्या दिवशी दुकानातल्या फोनवर माझ्यासाठी निरोप आला. गोव्याचा एक मोठा क्लब दुसऱ्या दिवशी मुंबईत येऊन पोरं निवडणार होता, तो एकच दिवस. आमच्या क्लबात हे कळलं असतं तर करार तिथल्या तिथे मोडला असता. मी तुम्हाला म्हणालो, "डॉक्टर बोलवतात पाय बघायला." तुम्ही गवत आणायला गेलात. मी गोठ्यात बसून गाठ सोडायला गेलो, ती काही सुटेना. मग तुमचाच विळा घेतला आणि कापली. तुम्ही परत आलात तेव्हा वरून पँट चढवलेली होती. तुम्ही मला आटगावला गाडीत बसवून दिलंत, "जपून रे" म्हणालात. जपून! तीन तासांनी मी मुंबईच्या मैदानावर जीव खाऊन धावत होतो. एक गोल मारला, बाबा, बांध यायच्या आत मारतो तसाच. मग एकदा वळलो आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्याचं मला ऐकू आलं. गोव्याच्या माणसांनी वहीत माझं नाव लिहिलं होतं ते माझ्यादेखत खोडलं.

येताना कामट्या आणि कापलेली पट्टी पिशवीत होती. स्टेशनवरच्या बाकावर बसून मी कामट्या पुन्हा लावल्या, वरून पट्टी गुंडाळली आणि बुटाची नाडी बांधतात तशी गाठ मारली. उरलेले दिवस पायावर गोधडी घेऊन पडलो. एकविसाव्या दिवशी तुम्ही हात धुऊन, नारळ फोडून पट्टी सोडायला बसलात. गाठ बघून तुमचा हात थांबला. किती वेळ थांबला ते मला सांगता येणार नाही, मी भिंतीकडे बघत होतो. आत पाला नव्हता, सुजून काळानिळा पडलेला गुडघा होता. क्लबच्या डॉक्टरने विचारलं, "हे कुणी बांधलं?" मी म्हणालो, "गावात." बस, एवढंच. पुढचं सगळं डॉक्टर बोलले, अडाणी म्हणाले, पोराचं आयुष्य बरबाद केलं म्हणाले, आणि तुम्ही टोपी हातात घेऊन ऐकत राहिलात. माझा करार संपला तो पुन्हा झाला नाही.

त्यानंतर गावात कुणाचं हाड मोडलं की तुम्ही स्वतः गाडी करून शहापूरच्या दवाखान्यात न्यायचात. "टोकावड्याला नको. मी माज्या पोराचा पाय घालवला," हे मी तुमच्या तोंडून किती वेळा ऐकलं! एकदाही मध्ये बोललो नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुमचा मित्र आला होता. बांधावर लांब बसला, खांदा द्यायला पुढे आला नाही. त्याला बोलवायला हवं होतं ते मीच, आणि मी नजर फिरवली. बाबा, ती गाठ तुम्ही ओळखली होती का? ओळखली असेल तर तुम्ही माझं पाप जाणूनबुजून पदरात घेतलंत, आणि नसेल ओळखली तर मी तुम्हाला फसवलं आणि तसंच जाऊ दिलं. यातलं काय खरं ठरलं तर मला जगता येईल? विचार करून डोकं फुटायची वेळ आलीय. गुडघ्याचं मी केव्हाच सोडून दिलंय. फुटबॉलचंही.

हे पत्र खरं तर टोकावड्याच्या पत्त्यावर जायला हवं. तुमच्या मित्राला वाचता येत नाही, मलाच जाऊन वाचून दाखवावं लागेल. एसटीने तासाचा रस्ता आहे. तो अजून वाट बघतोय आणि त्याच्याकडे फार दिवस नाहीत, हे मी काल डोळ्यांनी बघितलं. तुम्ही मला उलट काही विचारणार नाही, बाबा. म्हणून तुम्हाला लिहिलं.