तांबडं पाणी

प्रिय दीपेश,

फोन केला की तू 'आत्या, मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. मोरू आज मुंबईला निघालाय, तो हातात देईल. कागद तुला फोनसारखा कापता येणार नाही.

इथं पाऊस उघडायचं नाव घेत नाही. काल सकाळी पायथ्याच्या झऱ्याला तांबडं पाणी आलं. तुला त्यात गाळ दिसेल. वाडीला डोंगर आतून सुटलेला दिसतो. मथुराकाकूंनी भरलेला हंडा तिथंच ओतला, गुरांची दावी सोडली आणि सगळी वाडी पलीकडच्या देवळात गेली. सरकारी इशारा आज दुपारी मोबाईलवर आला: 'सतर्क राहा.' म्हणजे काय करायचं, ते लिहायला विसरले.

मृगाआधी वाडी मिळून वरचा पऱ्या साफ करायची, आठवतं? तूही पाचोळा ओढायचास आणि गूळपोहे दोनदा मागायचास. तोच ओढा तू होमस्टेच्या अंगणासाठी बुजवलास, वर भिंत घातलीस. धाकूनं हात जोडले, तर त्याला म्हणालास, 'काका, नकाशात ओढाच नाही.' पाण्याला नकाशा वाचता येत नाही रे! ते आता भिंतीमागे तुंबलंय. अंगणाला भेग पडलीय, तीत माझी छत्री मुठीपर्यंत जाते.

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर माझ्या जिभेला कात्री म्हणायच्या. काल ती तुझ्या बाबांवर चालली नाही. अनिल एकटा भिंतीखालच्या घरात बसून आहे. मी ओरडले, रडलेसुद्धा. धाकू उचलायला गेला, तर त्याच्यावर काठी उगारली. मला म्हणतो, 'ताई, माझ्या मुलानं बांधलंय. मीच उठलो तर लोक म्हणतील, बापालाच भरवसा नाही.' त्याला झरा कळत नाही असं नाही. मी शाळेच्या वसतिगृहात वाढलेली. तो रंग ओळखायला मला त्यानंच शिकवलं.

मला तुझी माफी नको. भिंतही आता पाडायच्या पलीकडे गेली. फक्त हे वाचल्यावर त्याला फोन कर आणि म्हण, 'बाबा, माझं चुकलं. उठा.' दुसऱ्या कोणाच्या सांगण्यानं तो उठणार नाही. फोन वेळेत येईल अशी मला फारशी आशा नाही. तरी त्याचा मोबाईल देवळातून चार्ज करून आणून त्याच्या उशाशी ठेवलाय. शेजारी माझी चटई टाकली आहे.

तुझीच, अजून तरी,
मनिषाआत्या