खांद्यावरची शाल

लातूर, रविवार, दिवेलागण

शिसारी आली आहे, आणि ती दुसऱ्या कुणाची नाही, माझीच.

कोचिंग क्लासवाल्यांनी गुणवंतांच्या सत्काराला बोलावलं होतं. मलाही शाल, श्रीफळ, वर माइक. मी काय बोलावं? "मी चर्चमध्ये बसून राहणारा फादर नाही. या वस्तीतलं घर न् घर मला माहीत आहे." टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्या, हे इथं तरी कबूल करतो.

मग गंगूबाई चहा घेऊन आली. भूकंपानंतर तिच्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, तेव्हा तिचा नवरा मारुती आणि मी मिळून ढिगारे उपसले होते. आता ती इथं पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. मी ऐटीत विचारलं, "मारुती कसा आहे?"

"त्यास्नी जाऊन दोन म्हैने झाले की, फादर. लई वाट बघितली तुमची. येळ भेटला नसंल."

चिडली असती तर बरं झालं असतं. माझी घसरलेली शाल नीट करून ती गेली.

दोन महिने! मी कुठं होतो? असल्याच शाली पांघरत होतो ना?

कार्यक्रम संपला तेव्हा ती घरी गेली होती. मीही तिकडंच निघालो. वस्तीत शिरलो आणि पाय थांबले. शेवटी पानटपरीवाल्याला विचारावं लागलं, "गंगूबाईचं घर कुठलं?"

त्यानं बोट दाखवलं. मग माझ्या खांद्याकडं बघत म्हणाला, "सत्कार होता काय, फादर?"