मेरीच्या नावापुढचा शेरा

नेवासा,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय रुपाली,

जय ख्रिस्त. तू आणि घरची मंडळी सुखरूप असाल. इकडे आम्ही ठीक. ऊसतोड अजून चालू आहे, त्यामुळे आज मिस्सेला निम्मे बाक रिकामे होते. आईच्या कबरीवर दगड बसवला. क्रूस जरा तिरका बसलाय, गवंड्याला सांगितलं आहे.

फादरांनी आज उपदेशात लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या पोरापोरींवर अर्धा तास घेतला, मग गर्भपातावर. आपल्या गावात लग्नाशिवाय राहणारं एकही जोडपं नाही. समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या दाखल्यावर मात्र हिंदू लिहिलेलं आहे, आणि त्यावर फादर बोलत नाहीत. मीही बोलत नाही. बोलणार काय? आपल्यातला कोणी बौद्ध झाला, शीख झाला, तरी त्याची राखीव जागांची सवलत राहते. क्रूसापुढे गुडघे टेकले की गेली. गावाला मात्र चहाच्या टपरीवर आजही पक्कं ठाऊक असतं, की आसारामची पोरं कुठल्या वस्तीवरची.

तू फोनवर विचारलंस, कबरस्थानात आईशेजारची जागा तुझ्यासाठी राखून ठेवता येईल का. मी म्हणालो, रेंज नाही, ऐकू येत नाही. रेंज होती.

दफनाच्या दिवशी तू समोरच्या रस्त्यावर गाडीत बसून होतीस. काच वर होती. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, तुझ्या वाटची मीच टाकली. कोणी फोटो काढून ऑफिसात पाठवला तर, ही तुझी भीती मला कळते. तरी राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. शेवटच्या आठवड्यात आईने तुझं शाळेतलं नाव एकदाही घेतलं नाही. सारखी म्हणायची, "माजी मेरी आली का रं? तिला सांग, हितं कुनी न्हाई बगायला, ये म्हनावं."

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

गेल्या जूनमध्ये तुझ्या जातीच्या दाखल्याविरुद्ध तक्रार गेली होती. चौकशीचे साहेब येणार म्हणून फादरांचा आदल्या दिवशी मला निरोप आला, बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर काढून ठेवा. दुपारी एकटाच बसून मी ते उघडलं. मेरी, वडील आसाराम, आई बनुबाई, जन्म नोव्हेंबर १९८०. शाळेत घालताना अण्णांनी तुला रुपाली केलं आणि गुरुजींनी १ जून ८२ ही तारीख ठोकून दिली. माझ्या वेळी अण्णांना ही युक्ती सुचली नव्हती. म्हणून मी अब्राहाम राहिलो, चर्चचा मास्तर होऊन पोरांना दहा आज्ञा शिकवत, आणि तू पंचायत समितीत अधिकारी झालीस. खरं सांगतो, मला तुझा मत्सर वाटत आला आहे. त्या दुपारीही वाटला. रजिस्टर तसंच पुढे सरकवलं असतं तर माझ्या हातून पापही घडलं नसतं.

मी पेन घेतलं आणि मेरीच्या नावापुढच्या रिकाम्या जागेत लिहिलं, 'गोवराने मयत, १९८७'.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, ही कोण? मी म्हणालो, माझ्या पाठची पहिली बहीण, लहानपणीच गेली. रुपाली तिच्या मागची, तिला आम्ही कधी बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली नेलं नाही. त्यांनी पानाचा फोटो घेतला, माझा जबाब घेतला, मी सही केली. महिन्याभराने तुझा दाखला कायम झाला. अण्णांची जुनी कागदपत्रं कामी आली असं तुला वाटलं. तू पेढे पाठवलेस. आईने मला भरवला आणि मी तो खाल्ला.

तेव्हापासून मी मिस्सेत कम्युनियनचा प्रसाद घेतलेला नाही; पाप कबूल केल्याशिवाय तो घ्यायचा नसतो. लोकांना वाटतं मास्तरांचं पोट बिघडलेलं असतं. फादरांपाशी कबूल केलं तर ते शेरा खोडायला लावतील, आणि तुझी नोकरी जाईल. न करावं तर 'खोटी साक्ष देऊ नको' ही आठवी आज्ञा शिकवताना पोरांकडे बघवत नाही. या पापात मी एकटाच पडलोय, आणि तू मला जागा राखून ठेवायला सांगतेस.

आपल्या कबरस्थानात कोणाला जागा द्यायची ते त्याच रजिस्टरावरून ठरतं. मेरी त्यात सात वर्षांची होऊन मेली आहे. रुपाली त्यात कधी जन्मलीच नाही. तुला पुरायला मी कोणाच्या नावाने खड्डा मागू?

आईच्या डाव्या हाताची जागा मी माझ्यासाठी मागून घेतली होती. ती तुला देतो. पण तो शेरा खोडायला मी पुन्हा हात उचलणार नाही. तू ये, गाडीतून उतर, फादरांसमोर बस आणि मी जिवंत आहे असं स्वतःच्या तोंडाने सांग. नोकरीला अजून पंधरा वर्षं आहेत, तोवर थांबायचं असेल तर थांब. मी तोवर असेन असं मात्र धरून चालू नकोस.

यायचं नसेल, तर या पत्राला उत्तर पाठवू नकोस आणि जागेचं पुन्हा विचारू नकोस.

मेरीचा भाऊ,
अब्राहाम