माझं घर इथेच बांधा

३ मार्च, सोमवार
आमच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास मीच लिहिणार! पाळकांनी भीत भीत विचारलं, "ताई, जमेल ना?" जमेल म्हणजे काय! तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, लोकांच्या चुका धरण्यात हयात गेली. शिवाय मंडळी सुरू झाली ती बाबांच्या शिंप्याच्या दुकानात, मशीनं भिंतीला सरकवून. मी सात वर्षांची, कापडाच्या गठ्ठ्यावर बसून टाळ्या वाजवायचे. माझ्याइतकं ठाऊक आहे कोणाला?

येत्या सोळा तारखेला पन्नास वर्षं होतात. पुस्तिका त्याआधी हवी.

५ मार्च
पहिलं पान झक्क उतरलं! चाळीस माणसं प्रार्थनेत गुडघ्यावर. काकू — धाकट्या काकांची बायको, लग्नाला जेमतेम तीन महिने, कुठून तरी लांबून आलेली, घरात तोंडातून शब्द न काढणारी — एकाएकी उभी राहिली आणि रडत रडत अन्य भाषेत बोलू लागली. पवित्र आत्मा उतरला की तोंडून येते ती, माणसांना न कळणारी भाषा. सगळे थरारले. मग बाबांनी अर्थ सांगितला: "प्रभू म्हणतो, माझं घर इथेच बांधा." चार वर्षांत दुकानाच्या जागी सभागृह उभं राहिलं.

त्या दिवशी पाहुण्या उपदेशकाने केलेल्या टेपमध्ये हे सगळं आहे. कॅसेट शोधते.

८ मार्च
तेच वाक्य संगमरवरी पाटीवर कोरून दारावर बसवणार. अनावरण काकूच्या हस्ते. कोरणाऱ्याला पाठवण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ मी स्वतः पाहिलं.

११ मार्च, मंगळवार
कॅसेट सापडली. खरखर आहे, पण काकूचा आवाज स्पष्ट. ऐकत बसले होते, तेवढ्यात मला इंजेक्शन द्यायला नर्स आली. दारातच थबकली.

"ताई, कोण रडतंय हे? ही तर आमच्याकडची बोली!"

म्हटलं, काहीतरीच काय! तिने पुन्हा लावायला सांगितलं. मग एकेक शब्द सांगत गेली: "आई, मला ने. मला नाही राहायचं इथे. कुणीतरी मला माझ्या घरी सोडा."

इंजेक्शन घ्यायचं राहूनच गेलं. काकूला तिची स्वतःची बोली असेल, हे पन्नास वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कोणी विचारलंच नाही. फार लाज वाटली.

१२ मार्च
सकाळी डोकं ताळ्यावर आलं. चूक झाली ती भाबडेपणाने, आणि त्यातून मंडळी उभी राहिली. किती जणांची दारू सुटली इथे, किती मोडलेले संसार सावरले! ते काही खोटं नाही. आणि नवल म्हणजे, 'घर' हा शब्द बाबांना अचूक लागला. काही न कळता! देवाने सुचवल्याशिवाय का? हे सगळं खरंखरं लिहीन. पाळक कुरकुरतील, त्यांना मी बघून घेते. आधी काकूची परवानगी तेवढी काढायची.

१४ मार्च, शुक्रवार
काकू सभागृहात खुर्च्या पुसत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"भाऊजींना एकेक शब्द कळला होता, अगं. शिवण आमच्याच गावात शिकले ना ते! मला मागणी घालायलाही तेच आले होते."

बाबा! मी समोरच्याच खुर्चीत बसले.

"मग तू का नाही बोललीस?"

"चाळीस माणसं आमेन म्हणाली. मी कोणाला सांगणार होते?"

मग विचारलं, अजून तुझ्या घरी जावंसं वाटतं का गं तुला?

काकूने फडकं बादलीत टाकलं. म्हणाली, "कधी निघायचं?"